साच्याची बदनामी

आपल्या समीक्षेत 'साचा' हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. वृत्त हा साचा, अभंग हा साचा. त्यात कोंबलेला आशय गुदमरणारच! अलीकडे एका चर्चासत्रात एका विद्वान वक्त्यांनी यासाठी गिटारचा दाखला दिला : साच्यात दाबून, जबरदस्तीने वाकवलेले लाकूड. विद्यार्थ्यांनी तो उतरवूनही घेतला, म्हणून हा प्रपंच.

गिटारच्या बाजूची पट्टी जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर जाडीची आणि चांगली वाळलेली असते. नुसत्या जोराने वाकवली तर ती मोडते. जबरदस्तीचा सिद्धान्त इथेच संपतो. कारागीर ती किंचित ओलावून तापलेल्या धातूच्या नळीवर टेकवतो आणि थांबतो. लाकडाच्या तंतूंना बांधून ठेवणारे लिग्निन उष्णतेने मऊ होते. ते हाताला कळते, आणि मग पट्टी नळीभोवती वळू लागते. पाणी फक्त मदतनीस. फार भिजलेली पट्टी उलट सुरकुतते. सर्वांत अवघड जागा कंबरेची. लाकूड दाब सोसते, ताण तेवढा सोसत नाही, म्हणून वळणाच्या बाहेरच्या अंगाला पातळ पत्र्याचा आधार देतात. शिसव त्यातल्या त्यात समजूतदार. लहरदार रेषांचा मेपल मात्र क्षणात तडकतो. (आमचे वक्ते फर्निचरच्या दुकानापलीकडे लाकडाला भेटले नसावेत.)

साचा येतो तो यानंतर. वळलेली पट्टी पुन्हा थोडी उलगडू पाहते, तिला तो धरून ठेवतो, इतकेच. स्पॅनिश परंपरेत तर बाहेरच्या साच्यावाचूनही काम चालते : आखलेल्या आकृतीशी ताडत पट्टी हाताने वळवायची आणि मानेच्या टाचेतल्या खाचांत बसवायची. आजच्या क्लासिकल गिटारला तिचा घाट देणारा आंतोनियो दे तोर्रेस (१८१७-१८९२) याच परंपरेतला.

कारखान्यांतली तापती दाबयंत्रे हे काम काही मिनिटांत उरकतात, हे मान्य. पण तिथेही उष्णतेवाचून नुसता दाब चालत नाही.

'घाट' हा शब्द मराठी समीक्षेने घडवला-वापरला, आणि आपण मात्र 'साचा' घेऊन बसलो. परिणाम असा की, एम.ए.चा विद्यार्थी अभंगाच्या चार ओळी रचून पाहण्याआधीच तो मोडायला निघतो. मुक्तछंदाशी माझे भांडण नाही. पण मर्ढेकरांनी यंत्रयुगातला माणूस अभंगाच्या घाटात आणला, तेव्हा नेमके कोण गुदमरले, ते वक्त्यांनी पुढच्या चर्चासत्रात सांगावे.