‘पार्सल मिळालंच नाही’ म्हणणारा आधी खोटारडा का ठरतो?

आपल्या चळवळीतल्या अनेक तरुणांनी आणि बचत गटांनी ऑनलाइन विक्री सुरू केली, त्याचं आम्हाला मनापासून कौतुक आहे. 14 एप्रिल आणि 6 डिसेंबरच्या आधी पुस्तकं, दिनदर्शिका, पंचशील ध्वज. भात काढून झाला की भोर-वेल्ह्याच्या बायकांचा आंबेमोहर, इंद्रायणी, नाचणीचं पीठ. मधला दलाल गेला, पैसा थेट खात्यावर येऊ लागला. पण धंदा आला की धंद्याची भाषाही मागोमाग येते. ‘पार्सल मिळालं नाही’ असा मेसेज आला की आपलेच कार्यकर्ते आता पटकन म्हणतात, “आमच्याकडं डिलिव्हर्ड दाखवतंय. लोक बुडवायलाच बसलेत.” आणि नंबर ब्लॉक.

या वाक्याला आमचा आक्षेप आहे. ‘डिलिव्हर्ड दाखवतंय’ हा पुरावा नाही. ते कुणीतरी मोबाईलवर दाबलेलं एक बटण आहे. ते कुठं उभं राहून दाबलं, वस्तू कुणाच्या हातात ठेवून दाबलं, की हातातला आकडा संध्याकाळच्या आत संपवायचा म्हणून दाबलं, हे विचारायच्या आधीच समोरच्याला लबाड ठरवायचं असेल तर मग चौकशी हा शब्द आपण वापरूच नये.

ज्यांना भोर-वेल्ह्याचा भूगोल माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पुणे-सातारा रस्त्यावर चेलाडी फाट्याला वळलं की नसरापूर आणि तिथून पुढं वेल्ह्याचा रस्ता. तोरणा-राजगडाच्या पायथ्यापर्यंत गाडी जाते, रविवारी गडावर येणाऱ्या पर्यटकांच्या तर रांगा लागतात. पण केळद-पासलीकडच्या वाड्या, किंवा भोरहून वरंधा घाटाकडं जाताना लागणारं हिर्डोशी खोरं, तिथं पावसाळ्यात काय होतं ते तिथल्याच माणसाला विचारा. रस्ता खचतो, वीज जाते, वीज गेली की मोबाईलचा टॉवर जातो. ओटीपी पार्सल परत गेल्यावर दुसऱ्या दिवशी येतो. पत्त्यात 412212 असा वेल्ह्याचा पिनकोड लिहिला की पुण्यातल्या संगणकाला पत्ता पूर्ण झाला असं वाटतं. प्रत्यक्षात खरा पत्ता तिथूनच सुरू होतो: कुठल्या फाट्याला उतरायचं, ओढ्याच्या अलीकडं की पलीकडं, आणि वस्ती कोणती.

वस्ती कोणती, हा प्रश्न आपल्यासाठी साधा नाही. डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने जातिवाचक वस्त्यांची नावं बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, बौद्धवाडा ही नावं जाऊन समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं यावीत असं ठरलं. आपण त्याचं स्वागत केलं. आपल्या पोरांनी आधारवर, बँकेत, ऑनलाइन खरेदीत अभिमानाने नवा पत्ता टाकला. पण गावाच्या जिभेवरून जुनं नाव गेलं का? फाट्यावर बोर्ड लागला का? नकाशाच्या ॲपमध्ये ते नाव उमटलं का?

वेल्ह्याच्या रस्त्याला लागून असलेल्या एका गावातली गोष्ट आहे. गावाचं नाव घेत नाही, कारण अशी गावं ढिगाने आहेत. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीने आमच्या ओळखीच्या पुस्तक विक्रेत्याकडून चार पुस्तकं मागवली. पैसे आधीच भरले. ट्रॅकिंगवर चौथ्या दिवशी ‘डिलिव्हर्ड’. मुलगी म्हणते, मिळालं नाही. विक्रेता म्हणतो, दाखवतंय. दोन दिवस हेच. मग तिने आम्हाला फोन केला. आम्ही तिच्याकडून शपथ घेतली नाही आणि विक्रेत्याला शिव्याही दिल्या नाहीत. लेबलचा फोटो मागवला. पत्ता ‘समतानगर’, बरोबर. कुरियरच्या भोरच्या माणसाला फोन लावून विचारलं, सही कुणाची? तो म्हणाला, सही नाही, दुकानात ठेवलं. कुठल्या? गावठाणातल्या, एसटी थांब्याजवळच्या. त्याने तिथं समतानगर कुठं असं विचारलं होतं, कुणालाच माहीत नव्हतं. तिचा फोन लागत नव्हता. दुकानदार म्हणाला, “ठेव इथं, येतील न्यायला.” अकरा दिवस ते पार्सल खताच्या गोण्यांमागं पडून होतं. दुकानदाराचं म्हणणं काय? “कुणी विचारायलाच आलं नाही.”

यात चोर कोण? कुणीच नाही. पण अकरा दिवस खोटारडी कोण ठरली? ती मुलगी. बाबासाहेबांनी आपल्याला श्रेणीबद्ध विषमता समजावून सांगितली. आम्हाला वाटतं संशयाचीही तशीच उतरंड असते. ॲप विक्रेत्यावर संशय घेतं, विक्रेता पोरावर, पोरगा गिऱ्हाइकावर. आणि उतरंडीच्या अगदी तळाला ज्याचा पत्ता वस्तीतला, मराठी गावाकडची आणि फोन रिचार्ज संपलेला, तो असतो. त्याच्या शब्दाला पुरावा लागतो. वरच्याचा शब्द हाच पुरावा असतो.

उलटी गोष्टही घडते, तीही सांगायला हवी. भोर तालुक्यातल्या एका बचत गटाने पुण्याच्या एका मोठ्या सोसायटीत पाच-पाच किलोच्या दोन तांदळाच्या पिशव्या पाठवल्या. साहेबांचा सुबक इंग्रजीत मेसेज आला की पार्सल पोहोचलंच नाही, आपल्याकडून ही अपेक्षा नव्हती. बायका घाबरल्या, त्याच दुपारी पैसे परत केले. आठवड्याने कुरियरकडून कागद आला: गेटवरच्या नोंदवहीत फ्लॅट नंबर, वेळ, साहेबांच्या घरच्याच माणसाची सही. पैसे मात्र गेले ते गेलेच. म्हणजे बघा, वस्तीतल्या मुलीकडं पुरावा मागायचा आणि सोसायटीतल्या साहेबाला विचारायचंही नाही, हे दोन्ही एकाच बाजारात चालतं. लबाडी होते, हे आम्ही नाकारत नाही. लबाड कोण हे पत्ता आणि भाषा बघून ठरवायला आमचा विरोध आहे.

आणि तो डिलिव्हरीचा पोरगा. त्याच्यावर तुटून पडणं सगळ्यात सोपं. पण तो कोण आहे? भोर, नसरापूर, किकवीकडचा, बारावी किंवा बीए झालेला, बऱ्याचदा आपल्याच वस्तीतला. पार्सलमागं पैसे, पेट्रोल स्वतःचं, गाडी हप्त्याची. डोंगरातल्या एका पार्सलसाठी वीस किलोमीटर आत जायला त्याला परवडतं का, हे त्याला कुणी विचारत नाही. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ‘गिग कामगार’ हा शब्द आला खरा, पण शब्द कायद्यात आला म्हणून त्याच्या टाकीत पेट्रोल येत नाही. तक्रार करताना ‘तुमच्या पोराने खाल्लं’ असं लिहू नका. ‘वस्तू कुणाला दिली याची नोंद द्या’ असं लिहा. पहिलं वाक्य एका पोराची रोजी घालवू शकतं. दुसऱ्याने पार्सल सापडू शकतं.

हरवलेल्या मालाची एक गोष्ट तर आपल्या इतिहासातच आहे. 1917 साली बाबासाहेब लंडनहून परत निघाले तेव्हा त्यांनी पुस्तकांच्या पेट्या वेगळ्या बोटीने पाठवल्या होत्या. पहिलं महायुद्ध चालू होतं. ती बोट टॉर्पेडोने बुडाली. अमेरिकेत आणि लंडनमध्ये पोटाला चिमटा घेऊन जमवलेली ग्रंथसंपदा समुद्राच्या तळाशी गेली. धनंजय कीरांच्या चरित्रात पुढची नोंद आहे: थॉमस कुक कंपनीकडून सामानाच्या नुकसानभरपाईचे 600 रुपये मिळाले आणि त्या पैशावर बाबासाहेबांना बडोद्याला जाता आलं. ही भरपाई म्हणजे उपकार नव्हता. माल आपल्या व्यवस्थेतून गेला आणि पोहोचला नाही, तर त्याची भरपाई करायची, हा साधा व्यवहार होता. त्याच बडोद्यात शिपाई फायली लांबून टाकत होते आणि राहायला खोली मिळत नव्हती, हे आपण सगळे जाणतो. माणूस म्हणून जे नाकारलं जात होतं, ते निदान मालाच्या व्यवहारात तरी मिळालं. आपल्या गिऱ्हाइकाला आपण एवढंही देणार नाही का?

कायदा काय सांगतो तेही पाहू, कारण अर्धा कायदा वाचून भांडणारे आपल्यातही कमी नाहीत. 1930 च्या मालविक्री कायद्याचं कलम 39 म्हणतं की माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की सकृद्दर्शनी तो खरेदीदाराला दिला असं मानायचं. विक्रेते एवढंच वाचतात आणि टाळ्या पिटतात. त्याच कलमाचा दुसरा भाग असा की वाहतूकदाराशी वाजवी करार करणं ही विक्रेत्याची जबाबदारी आहे. तो केला नाही आणि माल गहाळ झाला, तर खरेदीदार ‘मला मिळालं’ असं मानायला नकार देऊ शकतो. डोंगरातल्या वाडीला बिनसहीचं, बिनओटीपीचं सर्वात स्वस्त पार्सल पाठवणं याला वाजवी करार म्हणायचं का, याचं उत्तर ज्याने त्याने द्यावं.

पुढं 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आणि 2020 चे ई-कॉमर्स नियम आले. तक्रार निवारण अधिकारी हवा, तक्रारीची पोच 48 तासांत द्यायची, महिन्याच्या आत ती निकाली काढायची. नियमित विक्री करणाऱ्याला ‘आम्ही छोटे आहोत’ म्हणून सुटका नाही. ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडं जाता येतं, मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. त्याआधी 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार करता येते. वेल्ह्याच्या मुलीला कंपनीच्या गावाला, बंगळुरूला किंवा गुरगावला, खेटे घालावे लागत नाहीत. हे आपल्या पोरींना माहीत नसेल तर ते सांगणं हे आपलंच काम आहे.

टपालाचं थोडं वेगळं आहे. डाकघर कायदा 2023 नुसार टपाल खात्याची जबाबदारी नियमांत ठरवून दिली असेल तेवढीच. स्पीड पोस्ट गहाळ झालं तर शुल्काच्या दुप्पट किंवा 1000 रुपये, यातली कमी असेल ती रक्कम. दीडशे रुपयांची पुस्तिका असेल तर ठीक, पण दोन हजारांचा संच असेल तर विम्याचा विचार करा. 1 ऑक्टोबर 2025 पासून स्पीड पोस्टला नोंदणी आणि ओटीपी बटवडा अशा दोन सोयी जोडता येतात, प्रत्येकी पाच रुपये आणि वर कर. पुस्तकांसाठी 1 मे 2025 पासून ज्ञान पोस्ट आहे, 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये आणि पाच किलोपर्यंत 100 रुपये, कर वेगळा. आणि एक गोष्ट खाजगी कुरियरकडं नाही: गावातला डाक सेवक. त्याला समतानगर माहीत नसेल, पण त्या घरातली माणसं माहीत असतात. वाडीवरच्या पत्त्याला आम्ही तरी टपालच सुचवतो.

आता मेसेज आलाच तर काय करायचं? पहिलं उत्तर त्याच दिवशी द्या आणि त्यात ‘दाखवतंय’ हा शब्द नको. ‘तुमची तक्रार मिळाली, आम्ही शोध घेतो’ एवढं लिहा. पत्ता आणि दुसरा एखादा फोन नंबर पुन्हा विचारून घ्या. घरातल्या, शेजारच्या, दुकानातल्या कुणी घेतलं का, हे आरोपाच्या सुरात न विचारता विचारा. मग वाहतूकदाराकडं लेखी मागा: सही, फोटो, ओटीपीची नोंद, बटवड्याची जागा. फोनवर मागू नका, फोनवरचं बोलणं हवेत जातं. पाठवतानाच वजन केलेल्या पार्सलचा आणि लेबलचा फोटो ठेवलेला असेल तर निम्मं काम झालेलं असतं. सात दिवसांत नोंद मिळाली नाही तर पैसे परत करा किंवा माल पुन्हा पाठवा, आणि वाहतूकदाराशी भांडण तुम्ही करा. करार तुमचा त्याच्याशी आहे, गिऱ्हाइकाचा नाही. नोंद मिळाली आणि सही गिऱ्हाइकाच्याच घरची निघाली, तर तो कागद त्याला पाठवा आणि ठामपणे पैसे नाकारा. साहेब असला तरी.

यात तोटा कुणी सोसायचा? बचत गटातल्या एकट्या बाईने नाही, हे नक्की. प्रत्येक ऑर्डरमागं दोन-चार रुपये बाजूला काढून गहाळ मालासाठी वेगळी पेटी ठेवा. भिशी चालवता येते तर ही पेटीही चालवता येईल. हिशेब महिन्याला सगळ्यांसमोर वाचा.

आणि पार्सलवर पत्ता कोणता लिहायचा, हा प्रश्न आम्हाला अनेक जण विचारतात. “जुनं नाव लिहिलं की पटकन पोहोचतं,” असंही काही जण हळूच सांगतात. आमचं उत्तर स्पष्ट आहे: नाही. नवं नावच लिहा, त्याखाली खूण लिहा: शाळा, विहार, पाण्याची टाकी. दुकानदाराला माहीत नसेल तर त्याला माहीत करून द्या. शासनाचा निर्णय डिसेंबर 2020 चा आहे, आणि अजून अनेक फाट्यांवर नावाची पाटी नाही. येत्या 1 मेच्या ग्रामसभेत पाटीचा विषय यावा म्हणून त्या मुलीने आणि वस्तीतल्या आणखी सतरा जणांनी ग्रामपंचायतीला लेखी अर्ज दिला आहे. अर्जाची पोच घेतली आहे, शिक्क्यासह.