सेवेचे तास कुणाचे मोजायचे?



दहावी पास व्हायचं तर समाजसेवेतही पास व्हावं लागतं, हे आपल्यापैकी अनेकींना ठाऊक नसेल. आयसीएसई परीक्षेचा तसा नियमच आहे. ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य आणि समाजसेवा’ यात शाळेने उत्तीर्ण श्रेणी दिली, तरच उत्तीर्णतेचं प्रमाणपत्र मिळतं. सीबीएसईनेही २०१८ पासून नववी ते बारावीच्या शारीरिक शिक्षणात ‘सेवा’ नावाचा भाग घातला. कॉलेजात १९६९ पासून राष्ट्रीय सेवा योजना आहे. ती ऐच्छिक आहे, पण घेतली की दोन वर्षांत २४० तास भरावे लागतात.

माझं या नियमाशी भांडण नाही. पंधरा वर्षांच्या मुलांनी पुस्तकाबाहेरचं जग पाहावं, हात मळवावेत, हे चांगलंच. प्रश्न आहे तो सेवा म्हणायचं कशाला आणि तास मोजायचे कुणाचे, हा.

नवी मुंबईत काम करताना मला हे नेहमी दिसतं. नेरूळ-वाशीकडची मुलं खाडीकाठचं प्लास्टिक उचलतात, तुर्भ्याच्या वस्तीत वह्या वाटतात. फोटो निघतो, वहीवर सही होते. त्याच वस्तीतली त्यांच्याच वयाची मुलगी पहाटे पाणी भरते, आई धुण्याभांड्याच्या कामाला गेली की भाकऱ्या थापते, धाकट्याला अंगणवाडीत सोडून मग शाळा गाठते. तिच्या तासांची नोंद कुठेच नाही. एक समाजसेवक ठरतो, दुसरी लाभार्थी! पुढे कॉलेजात सात दिवसांचं निवासी शिबिर असतं, तेव्हा तिच्या भावाला सहज जाता येतं. तिला नाही, घरी तिच्या जागी कोण उभं राहणार?

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या बायांचा दिवसाचा सरासरी वेळ निघाला २८९ मिनिटं. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचा, ८८.

‘सेवा’ हा शब्द आपल्याला फार महागात पडला आहे. अंगणवाडी सेविका, आशा स्वयंसेविका! नावातच सेवा, म्हणून पगार नाही, मानधन. अंगणवाड्या १९७५ साली सुरू झाल्या. तिथल्या सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सांगायला सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निकाल यावा लागला. सेवा म्हणजे फुकटचं काम, हाच धडा शाळेने पुन्हा गिरवून घ्यायचा का?

घरकामाबद्दल मुलींना श्रेणी द्या, असं मी म्हणत नाही. तसं केलं तर शाळाच त्यांना चुलीशी बांधेल. माझ्या सूचना वेगळ्या आहेत. मुलग्यांच्या सेवेचे पहिले तास स्वतःच्या घरात जावेत : स्वयंपाक, भांडी, आजारी माणसाची शुश्रूषा. नंतरचे तास एखाद्या अंगणवाडीत किंवा सफाई कामगारांसोबत जावेत. त्या बाई दिवसभरात काय काय करतात आणि त्यांच्या हाती काय पडतं, हे मुलांनी लिहून काढावं. वस्तीत जायचं तर कुठलं काम हवं आहे हे आधी तिथल्या बायांना विचारावं, आणि काम झालं की नाही याची सहीही त्यांचीच असावी.

नव्या वर्षाचे उपक्रम ठरण्याआधी आपापल्या महिला मंडळांनी जवळच्या शाळांच्या मुख्याध्यापकांना आणि पालक-शिक्षक संघांना भेटावं. काय उत्तर मिळतं ते आम्हाला कळवा. पुढच्या अंकात त्यावर बोलूच.

– संपादक