हाकेला ओ

उष्ण कटिबंधातले बेट म्हटले की तुमच्याआमच्या डोळ्यांपुढे नारळीची झाडे, निळा समुद्र आणि अंगातला पातळ सदरा एवढेच येते. हवाई बेटांना निघताना मीही पेटीत सहा पातळ सदरे भरले. सौ.ने त्यांवर एक शाल ठेवली.

"शाल कशाला? तिथे माझा सत्कार का होणार आहे?"

"नारळ तिथे आहेतच. शाल असू द्या," ती म्हणाली.

आमची लेक कॅलिफोर्नियात असते. तिने काउआई बेटावरच्या कोकेए राज्य-उद्यानात एक लाकडी कुटी तीन रात्रींसाठी ठरवली होती. बेट अक्षांशाने मुंबईच्या थोडेसेच उत्तरेला; तेव्हा मी निर्धास्त होतो. पण समुद्रकाठच्या वायमिया गावातून मोटार जी चढू लागली, ती तांबड्या दरीच्या कडेकडेने साडेतीन हजार फुटांवर जाऊन थांबली. माथेरानहून उंच, पाचगणीहून ठेंगणे असे ते ठिकाण! महिना जानेवारीचा. नारळ खालीच राहिले होते, आणि दारात धुके उभे होते.

कुटी म्हणजे फळ्यांच्या भिंती, चार खाटा, घोंगड्या आणि कोपऱ्यात एक लोखंडी चूल. रात्री पारा पाच-सहा अंशांवर आला. पुरुषार्थ दाखवावा म्हणून मी चूल पेटवायला बसलो. धुराड्याची झडप उघडायची असते हे मला ठाऊक नव्हते. पाच मिनिटांत आम्ही तिघे डोळे पुशीत अंगणात! उद्याच खाली समुद्रकाठच्या हॉटेलात जायचे, असे मी जाहीर केले आणि शाल पांघरून रुसून बसलो.

सौ.चे बालपण राजापूरकडचे, चुलीपुढचे. तिने झडप उघडली, बारीक ढलप्या रचल्या आणि जाळ केला. मधूनच "अहो, ऐकलंत का? दोन लाकडं आणा," अशी हाक आली. मी गप्प. चाळीस वर्षांच्या संसारात तिची माझ्याविरुद्ध तक्रार एकच, ती हीच: हाकेला ओ देत नाही. लाकडे शेवटी लेकीने आणली.

सकाळी कोंबड्यांनी उठवले. या बेटावर कोंबडे रानोमाळ मोकळे फिरतात आणि वेळेचे बंधन पाळत नाहीत. समोरच्या कुरणापलीकडे निसर्ग-संग्रहालय आहे, १९५३ साली उघडलेले. तिथे मला माझ्या रुसव्याचे उत्तर मिळाले.

या बेटांवर पूर्वी डास नव्हते. १८२६ च्या सुमारास जहाजांवरच्या पाण्यातून ते आले. पुढे बाहेरून आणलेल्या पाखरांबरोबर पक्ष्यांचा हिवताप आला, आणि डासांनी तो रानभर वाटला. इथल्या पाखरांना त्या रोगाची सवय नव्हती. खालच्या रानातली पटापट मेली. उरली ती उंचावर, कारण थंडीत डास आणि रोग दोन्ही नीट वाढत नाहीत. ज्या गारठ्याला मी रात्रभर शिव्या दिल्या, तोच त्यांचा वैद्य होता! पण आता हवा तापते आहे आणि डास वर चढत आहेत. काउआईचे सर्वांत उंच शिखर ५,२४३ फुटांचे. पाखरांना आणखी वर जायला डोंगरच नाही. याच द्वीपसमूहातल्या माउई बेटावर २०२३ पासून मुद्दाम वाढवलेले नर डास रानात सोडतात. नर चावत नाहीत, आणि त्यांच्याशी जुगलेल्या रानडासांच्या माद्यांची अंडी फुटत नाहीत. काट्याने काटा काढण्याचाच हा प्रकार.

हॉटेलाचा विषय मी पुन्हा काढला नाही.

तिसऱ्या रात्री चुलीपुढे बसलो असता लेकीने टेलिफोनवर साठवून आणलेले एक ध्वनिमुद्रण लावले. कोकेएला लागून अलाकाई नावाची उंचावरची दलदल आहे. तिथे एक काळसर पाखरू राही. त्याचे नाव 'ओओ'. १९८५ साली ते शेवटचे दिसले, १९८७ साली शेवटचे ऐकू आले. २०२३ साली अमेरिकन सरकारने ते नामशेष झाल्याचे जाहीर केले. हा आवाज त्या अखेरच्या वर्षांतला. बासरीसारखी शीळ, मग थोडी शांतता, पुन्हा शीळ. तोवर त्याच्या जातीचे दुसरे पाखरू कोणाच्या पाहण्यात उरले नव्हते. मधल्या शांततेत चुलीतली लाकडे तेवढी तडतडत होती.

कोणी काही बोलले नाही. लेक झोपायला गेली. मी निखारे सारीत बसलो. इतक्यात आतून सौ.ची हाक आली, "अहो..."

"ओ!" मी म्हणालो.

आत क्षणभर काहीच ऐकू येईना.

"काय गं?" मी विचारले.

"काही नाही," ती म्हणाली. "इतक्या लवकर ओ द्याल असं वाटलं नव्हतं. काय सांगायचं होतं तेच विसरले."