तणनाशकाचा खटला आणि मावळातील शेतकरी

तळेगाव दाभाडे व चाकण येथील औद्योगिक वसाहतींनी परिसरातील तरुणांस रोजगार दिला, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु त्यामुळे भाताच्या बेणणीस व खुरपणीस माणूस मिळणे कठीण झाले, हेही तितकेच खरे आहे. परिणामी बांधावरील, पडीक जागेतील व हरितगृहांभोवतालच्या गवतावर खुरप्याऐवजी पाठीवरील पंप चालू लागला. या कामी वापरल्या जाणाऱ्या तणनाशकांत ग्लायफोसेटचे नाव सर्वांच्या परिचयाचे आहे. याच औषधावरून अमेरिकेत झालेल्या खटल्यांचा बोध शेतकरी बंधूंनी व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी घेणे अगत्याचे आहे.

कॅलिफोर्नियात शाळांच्या आवारात तणनाशक फवारण्याचे काम करणारे ड्वेन जॉन्सन यांस लसिकापेशींचा कर्करोग झाला. त्यांनी मोन्सँटो कंपनीवर दावा लावला. ऑगस्ट २०१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील ज्यूरीने त्यांस २८.९ कोटी डॉलर देण्याचा निर्णय दिला. पुढे ही रक्कम कमी होत २०२० साली अपिलात सुमारे २.०५ कोटी डॉलर झाली. कंपनीची जबाबदारी मात्र कायम राहिली. मोन्सँटो विकत घेणाऱ्या बायर कंपनीने २०२० मध्येच अशा हजारो दाव्यांच्या तडजोडीसाठी १,००० कोटी डॉलरहून अधिक रक्कम देऊ केली. दोष मात्र मान्य केला नाही, आणि पुढील काही खटले तिने जिंकलेही.

मग हे औषध कर्करोग करते किंवा नाही? याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मार्च २०१५ मध्ये त्याची गणना ‘मानवास बहुधा कर्करोगकारक’ या गटात केली. उलट अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने तसा संभव दिसत नाही असे मत दिले, आणि युरोपीय संघाने २०२३ मध्ये त्याच्या वापरास आणखी दहा वर्षे मंजुरी दिली. या मतभेदाचे एक कारण समजण्याजोगे आहे. कठडा नसलेली विहीर धोक्याची आहे, असे एक जण सांगतो; त्या वाटेने किती लोक, किती वेळा व कोणत्या वेळी जातात, याचा हिशेब दुसरा करतो. वर्षातून एकदा बांध फवारणारा शेतकरी आणि हंगामभर रोजाने पंप वाहणारा मजूर यांचा धोका सारखा नसतो, हे यावरून ध्यानात यावे.

जॉन्सन यांच्या खटल्यात कर्करोगाच्या कारणाइतकाच महत्त्वाचा ठरलेला प्रश्न निराळा होता. संभाव्य धोक्याची सूचना वापरणाऱ्यास दिली होती काय? ती दिली नव्हती, असे ज्यूरीस आढळले. या प्रकरणाचे सार येथेच आहे. शास्त्रज्ञांचा वाद मिटेल तेव्हा मिटेल. परंतु ज्याच्या अंगावर औषध उडते, त्यास त्या वादाची जाणीव आजच करून दिली पाहिजे.

आपल्याकडे बाटलीवरील त्रिकोणाच्या रंगावरून औषधाची पारख करण्याची रीत आहे. लाल सर्वांत विषारी, त्याखाली पिवळा, निळा व हिरवा, हे बरोबर आहे. परंतु हा रंग तत्काळ होणाऱ्या विषबाधेचे मान दाखवितो. दीर्घकाळ थोडे थोडे औषध अंगात गेल्याने काय होईल, हे तो सांगत नाही. ‘हिरवा त्रिकोण आहे, काळजी नको’ असा सल्ला कार्यकर्त्यांनी कदापि देऊ नये.

केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये मानव व जनावरे यांच्या आरोग्यास असलेला धोका लक्षात घेऊन, कीडनियंत्रण चालकांखेरीज इतरांनी ग्लायफोसेट वापरू नये अशी अधिसूचना काढली. तथापि केवळ अधिसूचनेने पंप थांबत नाही. बांधावरील गवत गुरांस कापून घालावे. त्याची मुळे मावळच्या पावसात बांध धरून ठेवतात, हा लाभ वेगळाच. भाताची लावणी ओळीत केल्यास कोनोवीडर चालविता येतो व बेणणीचे मनुष्यबळ वाचते. मजुरांची चणचण खरी आहे; म्हणूनच अशा अवजारांचा प्रसार हे विस्तार कार्याचे कर्तव्य ठरते.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ यात उत्पादनामुळे झालेल्या हानीबद्दल भरपाई मागण्याची तरतूद असून ती जुलै २०२० पासून अमलात आहे. पुरेशा सूचना न देणे हाही त्यात दोष मानला आहे. परंतु दोन अटी ध्यानात ठेवाव्या. मालाचा गैरवापर किंवा त्यात फेरफार झाला असेल, तर विक्रेत्यावर दावा चालत नाही. तसेच मालकाने कामावर वापरण्यासाठी माल घेतला व कंपनीने त्यास सूचना दिल्या, तर सूचनेच्या अभावाबद्दल कंपनीस जबाबदार धरता येत नाही. याचा अर्थ असा की, सूचनांचा कागद मालकाच्या कपाटात राहिला आणि पंप मजुराच्या पाठीवर गेला, तर कायद्याने दिलेला आधार मजुराच्या हातून निसटण्याचा संभव आहे.

यवतमाळचे उदाहरण दूरचे नाही. २०१७ च्या हंगामात तेथे कीटकनाशकांच्या फवारणीने वीसहून अधिक माणसे दगावली व शेकडो आजारी पडली. दोन मृतांच्या पत्नी व वाचलेला एक शेतकरी यांनी स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे सिंजेंटा कंपनीवर दावा लावला. आपल्या औषधाने हे घडले हे कंपनीने नाकारले. आणि फवारलेले औषध कोणते होते हे दाखविण्यासाठी पोलिसांच्या नोंदींचा आधार घ्यावा लागला.

म्हणून औषध कोणतेही असो, चार गोष्टी कटाक्षाने पाळाव्या. पक्की पावती घ्यावी व तीवर औषधाचे नाव आणि बॅच क्रमांक असल्याची खात्री करावी. तारीख, शेत, औषध व फवारणाऱ्याचे नाव वहीत टिपावे. बाटलीवर लिहिलेल्या कामाखेरीज अन्य कामासाठी औषध वापरू नये व मनाने दोन औषधे कालवू नयेत. आणि पंप भरण्यापूर्वी माहितीपत्रक मजुरास मोठ्याने वाचून दाखवावे. त्रास झाल्यास तेच पत्रक डॉक्टरांपुढे ठेवता येते.

यांपैकी शेवटची गोष्ट सर्वांत सोपी, आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. तिला वाचनाच्या पाच मिनिटांपलीकडे काही खर्च नाही. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी येत्या हंगामाच्या प्रत्येक सभेत एक माहितीपत्रक वाचून दाखविण्याचा प्रघात पाडावा.