हुबेहूब रेणू, पण हायड्रोजन नाही

१९९९ साली तीन प्रयोगशाळांनी जवळपास एकाच वेळी एकच संयुग तयार केले. इलिनॉय विद्यापीठात प्रा. थॉमस राउखफुस यांनी, टेक्सास ए अँड एम विद्यापीठात प्रा. मार्सेटा डॅरेन्सबर्ग यांनी आणि इंग्लंडमध्ये नॉरिचला ख्रिस्तोफर पिकेट यांच्या गटाने. लोहाचे दोन अणू, त्यांना जोडणारे गंधकाचे दोन अणू, गंधकांना सांधणारी तीन कार्बनांची साखळी आणि लोहावर कार्बन मोनॉक्साइड व सायनाइड. क्लॉस्ट्रिडियम पाश्चुरियानम या जिवाणूतल्या लोह-लोह हायड्रोजनेजची स्फटिकरचना आदल्याच वर्षी प्रसिद्ध झाली होती. त्या एन्झाइमच्या सक्रिय केंद्राशी या संयुगाचे साम्य थक्क करणारे होते. मात्र एन्झाइम सेकंदाला हायड्रोजनचे हजारो रेणू तयार करते, आणि या संयुगावर आम्ल घातले की ते मोडून पडे.

अकार्बनी रसायनात काम करणाऱ्या प्रत्येकाने हा इतिहास नीट वाचावा, असे आम्हाला मनापासून वाटते. या घराण्यातली लोह-गंधक-कार्बोनिल संयुगे १९२९ पासून माहीत होती, पण निसर्ग नेमका हाच सांगाडा वापरतो हे कळायला सत्तर वर्षे जावी लागली. आणि सांगाडा कळल्यावरही एन्झाइमचे काम कशामुळे होते, हा प्रश्न शिल्लकच राहिला.

अडचण एका अणूची होती. दोन गंधकांना सांधणाऱ्या साखळीच्या मधोमध कार्बन आहे, नायट्रोजन आहे की ऑक्सिजन, हे प्रथिनाच्या क्ष-किरण चित्रातून ठरवता येत नव्हते, कारण तिघांची इलेक्ट्रॉनसंख्या एकमेकांच्या फार जवळ आहे. २००१ मध्ये ग्रेनोबलच्या गटाने नायट्रोजनचा पर्याय पुढे केला. रासायनिकदृष्ट्या तो पटण्याजोगा होता. त्या जागी अमाइन असेल, तर ते प्रोटॉन उचलून शेजारच्या लोहावरच्या हायड्राइडसमोर आणून धरेल आणि दोघांचा हायड्रोजन होईल. तरीही पटणे म्हणजे पुरावा नव्हे. राउखफुस यांच्या गटाने असा अमाइन-पूल असलेली संयुगे बनवण्याची रीत बसवली, पण एन्झाइममध्ये खरोखर काय आहे याचा वाद आणखी बारा वर्षे चालला.

तो मिटवणारा प्रयोग २०१३ मध्ये झाला. मार्क फाँतकाव्ह, व्हॅन्साँ आर्तेरो, वोल्फगांग लुबिट्झ आणि थॉमस हाप्पे यांच्या गटांनी तीन संयुगे घेतली. मधला अणू वगळला तर ती सारखीच होती. एकात मध्ये कार्बन, दुसऱ्यात नायट्रोजन, तिसऱ्यात ऑक्सिजन. ही तिन्ही त्यांनी एका वाहक प्रथिनाच्या मदतीने, सक्रिय केंद्र नसलेल्या रिकाम्या हायड्रोजनेजमध्ये बसवली. एन्झाइम पूर्ण जोमाने जिवंत झाले ते फक्त नायट्रोजनच्या संयुगाने. बाकीची दोन निकामी ठरली नसती, तर या प्रयोगातून काहीच सिद्ध झाले नसते. पुराव्याचे अर्धे वजन त्या दोन अपयशांनी पेलले आहे.

अमेरिकेत डॅनियल ड्युबॉय आणि मेरी राकोव्स्की ड्युबॉय यांनी हाच धागा वेगळ्या दिशेने नेला. त्यांच्या उत्प्रेरकात लोह नाही, गंधक नाही, सायनाइडही नाही. आहे तो निकेलचा एक अणू, भोवती फॉस्फिन आणि धातूजवळ लोंबणारे अमाइन. एन्झाइमच्या रूपाशी त्याचा काही संबंध नाही, पण एन्झाइममधले अमाइनचे काम त्यांनी अचूक उचलले. आधी त्यांनी साधी तुलना केली होती: अमाइन असलेले निकेल संयुग आणि त्याच जागी निव्वळ कार्बन असलेले संयुग. हायड्रोजनच्या ऑक्सिडीकरणात पहिल्याचे ओव्हरपोटेन्शियल अर्ध्या व्होल्टहून अधिक कमी भरले. पुढच्या उत्प्रेरकांत निकेलभोवती चार अमाइन होते. त्यांतल्या काहींवर प्रोटॉन धातूकडे पाठ करून, चुकीच्या बाजूला बसे आणि सगळी गती मंदावे. म्हणून त्यांनी दोन अमाइन काढून टाकले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या संयुगाचा वेग कोरड्या ॲसिटोनायट्राइलमध्ये सेकंदाला ३३,००० आणि थोडे पाणी घातल्यावर १,०६,००० भरला. एन्झाइमपेक्षाही जास्त!

हा आकडा आपल्याकडे व्याख्यानांत वारंवार सांगितला जातो. त्याच शोधनिबंधात दिलेले सुमारे ६२५ मिलिव्होल्टचे ओव्हरपोटेन्शियल मात्र क्वचितच सांगितले जाते. एन्झाइम जवळजवळ शून्य ओव्हरपोटेन्शियलवर चालते. वेग ऊर्जा खर्चून विकत घेता येतो. तेव्हा वेगाचा आकडा एकटा छापणे म्हणजे वाचकाला अर्धेच मोजमाप देणे होय. टिकाऊपणाचेही तसेच. आजच्या प्रोटॉन-पटल इलेक्ट्रोलायझरमध्ये प्लॅटिनम आणि इरिडियमच वापरतात, कारण रेणवीय उत्प्रेरक तिथल्या परिस्थितीत पुरेसा काळ तग धरत नाहीत.

धातूच्या लगतच्या लिगंडांपलीकडचा जो दुसरा घेर, तिथेच आता खरे काम आहे. आयआयटी मुंबईतले प्रा. अर्णब दत्ता पूर्वी अमेरिकेतल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेत वेंडी शॉ यांच्यासोबत होते. तिथे या निकेल संयुगांच्या कडेला ग्लायसिनसारखी अमिनो आम्ले जोडून प्रोटॉनला ये-जा करायची वाट देण्याचे काम झाले, आणि ती संयुगे पाण्यात चालू लागली. असे काम करायला प्रत्येक वेळी कोट्यवधींचे उपकरण लागत नाही. चांगली श्लेंक लाइन, पोटेन्शिओस्टॅट आणि लिगंड बनवण्याची चिकाटी असलेल्या विद्यापीठ विभागात ते सुरू करता येते.

जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केल्यापासून या विषयाकडे विद्यार्थ्यांचा ओढा वाढणे स्वाभाविक आहे, आणि तो वाढावा. पण आमच्याकडे येणाऱ्या लेखांत एक उणीव पुन्हा पुन्हा दिसते. सक्रिय केंद्रासारखे दिसणारे संयुग असते, त्याची स्फटिकरचना असते, चक्रीय व्होल्टामेट्रीचा एक आलेख असतो. कोणता अणू काय काम करतो याचा अंदाज नसतो, आणि तो अंदाज खोटा ठरू शकेल असे तुलनेचे संयुगही नसते. मार्गदर्शकांनी विषय देतानाच विद्यार्थ्याला विचारावे की हा अणू काढला तर काय व्हायला हवे, आणि तसे संयुग प्रबंधाच्या पहिल्या वर्षातच बनवून घ्यावे.

लेखकांना आमची विनंती आहे. यापुढे या विषयावरचा लेख पाठवताना वेगासोबत ओव्हरपोटेन्शियल द्या, उत्प्रेरक किती वेळ टिकला ते द्या, आणि ज्या संयुगाने काम केले नाही त्याची संपूर्ण माहिती मुख्य लेखातच द्या, पुरवणीत नको. त्यासाठी लागतील तेवढी पाने आम्ही देऊ.