पस्तिसांपैकी पाच

दुर्गाघाटाच्या पायऱ्यांवर पाहुण्यास नेताना येथील आम्ही मराठी मंडळी नारायण दीक्षित पाटणकरांचे नाव अभिमानाने घेतो, वैदिकांच्या घराण्यांचा उल्लेख करतो. येथे धाडल्या गेलेल्या स्त्रियांचा विषय मात्र कोणी काढीत नाही. घरातील बालविधवेस दिवस गेले की यात्रेच्या मिषाने तिला दूरच्या क्षेत्री नेऊन ठेवावयाचे, ही आपल्या प्रतिष्ठित घरांची जुनी सोय. आणि काशी फार दूर, म्हणून फार सोयीची.

हे आजच उकरून काढण्यास कारण घडले. अल्पवयीन मातांना आधार देण्याचा विषय येथील एका बैठकीत निघाला, तेव्हा दोन आक्षेप आले. असल्या सोयींनी स्वैराचारास उत्तेजन मिळते, हा पहिला. हा प्रश्न 'इकडच्या' लोकांचा, आपल्या महाराष्ट्राचा नव्हे, हा दुसरा.

दुसऱ्याचा निकाल आकडेच लावतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी माता झालेल्या अथवा गरोदर असलेल्यांचे प्रमाण उत्तर प्रदेशात शेकडा 2.9 होते, महाराष्ट्रात 7.6. ज्यांच्याकडे पाहून आपण नाक मुरडतो, त्यांच्या अडीचपटीहून अधिक! त्याच पाहणीत 20 ते 24 वयाच्या दर शंभर मराठी मुलखातील स्त्रियांमागे सुमारे बावीसजणींचे लग्न अठरा वर्षे पुरी होण्याआधीच लागलेले आढळले. तेव्हा स्वैराचार तो कोणाचा? पत्रिका छापून, अक्षता टाकून, जेवणावळी उठवून झालेल्या या कृत्यास वडीलधाऱ्यांचा स्वैराचार म्हणावयास आमची हरकत नाही.

पहिल्या आक्षेपास दीडशे वर्षांपूर्वीच उत्तर मिळाले आहे. 1863 साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. 1884 साली जोतीरावांनी सरकारास लिहून कळविले की तोवर पस्तीस गरोदर विधवा तेथे येऊन बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी पाच जगली, तीस दगावली. कारणही त्यांनीच नोंदले आहे : गर्भ लपविण्यासाठी आयांनी आधीच घेतलेली विषारी औषधे. दार उघडे होते, पण भीतीने त्या फार उशिरा पोहोचल्या. ते दार उघडे असल्यामुळे कोणाचे पाऊल घसरले, असे कोणी दाखवावे.

आजही उशीर होतो तो भीतीनेच. 2012 च्या पॉक्सो कायद्यान्वये अठरा वर्षांखालील मुलगी गरोदर आढळली की डॉक्टरास पोलिसांत कळवावे लागते. नवऱ्यावर वा सोबत्यावर खटला होईल या धास्तीने मुलगी रुग्णालयाची पायरी टाळते आणि भोंदूच्या हाती पडते. गर्भपातासाठी आलेल्या अशा मुलीचे नाव त्या वर्दीत उघड न करण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली दिली; पण हे तिला सांगणार कोण?

सरकारी योजनांविषयी तर आम्ही कारकुनांनी बोलावे! 2010 च्या इंदिरा गांधी मातृत्व सहयोग योजनेत वयाची अट 19 वर्षांची होती. जननी सुरक्षा योजनेतील तशीच अट 2013 साली निघाली. सतराव्या वर्षी आई झालेली, म्हणजे जिची प्रकृती सर्वांत नाजूक, तीच रकान्याबाहेर! शिक्षणहक्काचा कायदाही चौदा वर्षांपाशी थांबतो. सोळा वर्षांची मुलगी कडेवर मूल घेऊन शाळेच्या दारात उभी राहिली, तर तिला आत घेणे हे कोणाचेच कर्तव्य ठरत नाही. आणि 2015 च्या बालन्याय कायद्याप्रमाणे मूल सोपवून दिल्यावरही फेरविचारास दोन महिने मिळतात, हे सही घेण्याआधी तिला समजावून द्यावयास नको काय?

परमुलखातील आपल्या मंडळांजवळ रिकाम्या खोल्या आहेत, निवृत्त डॉक्टर आहेत, शिक्षिका आहेत. दुपारचे पाळणाघर, दहावीचा अभ्यास आणि कायदा जाणणारा एक वैद्य, एवढ्यासाठी कोणाच्या अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. वार्षिक सभेपुढे हा ठराव आम्ही पुन्हा मांडणार आहोत. ज्यांना विरोध करावयाचा असेल त्यांनी या खेपेस आकडे घेऊन यावे.