डुक्कर सोडा हो, गुण येतो का ते बोला

काकांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा डॉक्टरांनी सेरेब्रोलायसिनची इंजेक्शनं लिहून दिली. ती डुकराच्या मेंदूतल्या प्रथिनांपासून बनतात, हे भाच्याने नेटवर शोधून काढलं आणि घरात जो गोंधळ उडाला! माळकरी माणसाला हे कसं चालेल? दोन दिवस तेच.

अहो, पण याने गुण येतो का, हे कुणी विचारलं? कुणीच नाही. मीसुद्धा नाही.

प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या चेतापेशी ही पेप्टाइड्स वाचवतात, मान्य. माणसांचं काय? कॉक्रेनच्या २०२० च्या आढाव्यात सात चाचण्या होत्या, १६०१ रुग्ण. मृत्यू टळण्यात बहुधा काही फरक नाही, उलट गंभीर दुष्परिणाम वाढण्याची शक्यता! २०२३ मध्ये पुन्हा तपासलं, सूर तोच. हाताची हालचाल सुधारल्याचं सांगणारी २०१६ ची एक चाचणी आहे म्हणा, पण पैसे औषध बनवणाऱ्या कंपनीचेच.

आणि आम्ही? इंजेक्शनांचं बिल निमूट भरलं. फिजिओथेरपीवाल्या मुलीला मात्र सांगितलं, "रोज नको गं, आठवड्यातून दोनदा ये. परवडत नाही."